बॅग भरणार तुम्ही, उघडणार दुसरंच कोणी

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे हे पहिलं बाळंतपण, ३३वा आठवडा चालू, तारीख डिसेंबरअखेरची. आतापर्यंतच्या तपासण्या पुण्यात झाल्या, बाळंतपणाला मात्र माहेरी, वाईजवळच्या गावात. नाव नोंदवलंय साताऱ्यातल्या खाजगी हॉस्पिटलमध्ये, म्हणजे गाडीने तासाभरावर. आईची यादी, सासूबाईंची यादी आणि मोबाईलवर सापडलेली सत्तर वस्तूंची यादी मिळून दोन सुटकेसा भरल्या, तरी काहीतरी राहिलंय असं वाटतंच. त्यात नॉर्मल होणार की सिझर हे माहीत नाही, मग तयारी नेमकी कशाची करायची?

प्रसूती विभागात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं गेली, त्या बाजूने सांगते. सामान कमी पडलं म्हणून कोणाचं बाळंतपण अडत नाही. पॅड, डायपर, बिस्किटं, साबण हे सगळं हॉस्पिटलच्या दारातल्या मेडिकलमध्ये मिळतं. अडतं ते वस्तू सापडण्यापाशी. त्या लागतात तेव्हा तुम्ही टेबलावर असता आणि बॅग बाहेर नातेवाइकांकडे. सिस्टर दार किलकिलं करून "बाळाचे कपडे द्या" म्हणते आणि बाहेर रात्री तीनला आई नाहीतर भाऊ ती भलीमोठी सुटकेस बाकड्यावर उपसत बसतात. वर तुमचे गाऊन, खाली डिंकाचे लाडू, झबली कुठल्याशा चोरकप्प्यात. म्हणून ‘काय न्यायचं’ याच्या आधी ‘कोण, कधी, काय मागणार’ हे ठरवा. बॅग मागणीच्या क्रमाने भरली की निम्मं सामान आपोआप गळतं.

क्रम साधारण असा असतो: आधी काउंटरवर कागद आणि पैसे, मग लेबर रूममध्ये तुमच्या मोजक्या वस्तू, मग जन्मल्याबरोबर बाळाचे कपडे, नंतर वॉर्डातले दोन दिवस आणि शेवटी घरी जाताना. प्रत्येक टप्प्याची वेगळी पिशवी करा. आतलं दिसेल अशी पारदर्शक चेनची पिशवी उत्तम. घरात साडी कव्हरं असतीलच, ती छान चालतात. वर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा. जी व्यक्ती सोबत येणार तिला एकदा म्हणा, "बाळाचे पहिले कपडे काढून दे बरं." अर्ध्या मिनिटात सापडले नाहीत तर बॅग परत लावा.

एक फोन मात्र आधी करा, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. हॉस्पिटलला विचारा: गाऊन, पॅड आणि अंगाखालचे शोषक कागद तुम्ही देता का? बाळाचा किट देता का? लेबर रूममध्ये कोणाला सोबत सोडता? मेडिकल रात्री उघडं असतं का? जेवण हॉस्पिटलचं की बाहेरचं चालतं? डिपॉझिट किती? काही खाजगी ठिकाणी आई आणि बाळाचा किट घ्यावाच लागतो आणि तो बिलात धरलेला असतो. तिथे तीच वस्तू घरून नेण्यात अर्थ नाही. सरकारी रुग्णालयात चित्र वेगळं असतं. २०११पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, तसंच नॉर्मलनंतर ३ आणि सिझरनंतर ७ दिवसांपर्यंत जेवण मोफत असतं. येण्या-जाण्यासाठी १०२ची गाडीही मिळते. पण बाळाचे कपडे, बादली-मग, चादर, ताट-वाटी आपलीच न्यावी लागते असं धरून चला.

बॅग ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान तयार हवी. जुळं असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा बीपी वाढत असेल तर ३२व्यालाच. कागदांची फाइल मात्र आजपासून तुमच्या खांद्यावरच्या पर्समध्ये. पुण्याहून वाईला जाताना ती सुटकेसमध्ये टाकून डिकीत ठेवू नका.

आता फाइलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रकरणात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पुण्याच्या डॉक्टरांना तुमचा सगळा इतिहास ठाऊक आहे. साताऱ्यात रात्रपाळीला जे डॉक्टर असतील त्यांना कागदावर दिसेल तेवढाच. म्हणून ३६ आठवड्यांच्या आत साताऱ्यात निदान एक तपासणी करून घ्या आणि फाइल त्यांच्या नजरेखालून जाऊ द्या. फाइलमध्ये सगळ्यात वर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट ठेवा. नातेवाईक नेहमी शेवटचा रिपोर्ट पुढे करतात, पण दिवस किती भरले याचा खरा हिशोब पहिल्या सोनोग्राफीवरून होतो. कळा लवकर सुरू झाल्या तर बाळ ३५ आठवड्यांचं की ३७, यावर पुढचे बरेच निर्णय ठरतात. त्याखाली शेवटची सोनोग्राफी. वार कुठे आहे, बाळ डोक्याकडून आहे की पायाळू, हे त्यात असतं. सोनोग्राफीच्या फिल्म राहिल्या तरी चालतील, लिखित रिपोर्ट हवेत.

मग रक्ताचे रिपोर्ट. रक्तगटाचा छापील रिपोर्ट हवा, कार्डावर हाताने लिहिलेला नुसता गट पुरत नाही. रक्त मागवायची वेळ आली तर रक्तपेढी नमुना तपासतेच, पण रिपोर्ट असला की तयारी लवकर सुरू होते. तुमचा गट निगेटिव्ह असेल तर नवऱ्याच्या गटाचा कागदही लावा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तुम्हाला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं (पुढच्या बाळाला रक्तगटामुळे त्रास होऊ नये म्हणून द्यायचं) इंजेक्शन लागतं, आणि लहान गावातल्या मेडिकलमध्ये ते हमखास असेलच असं नाही. आधी सांगून ठेवावं लागतं. एचआयव्ही आणि कावीळ-बी (हिपॅटायटिस बी) यांचे रिपोर्ट लोक चारचौघांत दाखवायला नको म्हणून मागे लपवतात. ते पुढे ठेवा. आईला कावीळ-बी असेल तर बाळाला लशीबरोबर एक वेगळं इंजेक्शन पहिल्या १२ तासांत द्यायचं असतं. रिपोर्ट सापडेपर्यंत ते तास जाऊ नयेत. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट गेल्या महिन्याभरातला हवा.

माता बाल संरक्षण कार्ड, तुमच्या आणि नवऱ्याच्या आधारच्या दोन-दोन झेरॉक्स, आणि एका कोऱ्या कागदावर चालू औषधं: नाव, डोस, शेवटची गोळी कधी घेतली. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं चालू असतील तर शेवटच्या इंजेक्शनची वेळ लिहिणं फार गरजेचं आहे. कमरेतून भूल देता येईल की नाही हे भूलतज्ज्ञ त्यावर ठरवतात. कसली ॲलर्जी असेल तर तीही लाल शाईने याच कागदावर लिहा.

विमा असेल तर पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याचं आधार आणि पॅन, दोन्ही. कॅशलेसची मंजुरी यायला वेळ लागू शकतो, म्हणून डिपॉझिटची सोय वेगळी ठेवा. थोडी रोकडही हवी, त्यात शंभर-पन्नासच्या नोटा असू द्या. तळमजल्यावरच्या मेडिकलमध्ये नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे देणं तिथेच अडकतं.

याच फाइलमध्ये आणखी एक चिठ्ठी घाला, जी कोणत्याच यादीत नसते: आई-वडिलांची पूर्ण नावं आणि पत्ता, आधारवर आहे अगदी त्याच स्पेलिंगने, मराठीत आणि इंग्रजीत. हॉस्पिटलला जन्माची माहिती २१ दिवसांत निबंधकाकडे द्यायची असते. तो फॉर्म दुसऱ्या दिवशी हातात येतो आणि दोन रात्री जागलेला मामा तो भरतो. तिथे झालेली अक्षराची चूक दुरुस्त करायला पुढे हेलपाटे पडतात. १ ऑक्टोबर २०२३नंतर जन्मलेल्या बाळांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे हे हलक्यात घेऊ नका. बाळाचं नाव बारशाला ठरणार असेल तर तो रकाना खुशाल कोरा ठेवा. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं.

दुसरी पिशवी लेबर रूमची. ही इतकी लहान हवी की एका हातात मावेल. पुढून पूर्ण उघडणारा एक सैल सुती गाऊन, रबरी चपला, दोन पॅड, एक नॅपकिन, केसांचे दोन रबर, पातळ मोजे, ओठांना लावायला थोडं तूप नाहीतर लिप बाम, आणि स्ट्रॉ असलेली पाण्याची बाटली. स्ट्रॉ नखऱ्यासाठी नाही. कुशीवर असताना भांड्याने पाणी पिता येत नाही, अर्धं गळ्यावर सांडतं. चपला नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठ्या घ्या, पायांना सूज असते. मोजे अशासाठी की बाळंतपणानंतर लगेच बऱ्याच जणींना हुडहुडी भरते, आणि तुमचा तर डिसेंबर आहे.

घरून निघायच्या आधीच काय उतरवायचं तेही सांगते. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, चमकी सगळं घरी काढून ठेवा. सिझरची वेळ आली तर धातू अंगावर चालत नाही, आणि बोटं सुजलेली असली की अंगठी कापावी लागते. जोडवी तर ३५व्या आठवड्यातच साबण लावून काढा. डोहाळजेवणातल्या हिरव्या बांगड्यांचा घरी आग्रह असेल तर हात सुजायच्या आत सैल, सहज निघतील अशा घालून ठेवा. सलाईनची सुई लावताना काच मध्ये येते. मंगळसूत्र काढायला जीव होत नसेल तर तेवढे दिवस काळा दोरा घाला, गरज पडली तर तो कापता येतो. नेलपॉलिश पुसा, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यातून नीट मोजत नाही. केसांच्या दोन वेण्या घाला. मागे एकच अंबाडा असला की पाठीवर झोपताना टोचतो. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून चष्मा लावा. घरी रेझरने केस काढू नका. बारीक जखमा होतात आणि जंतू तिथूनच शिरतात.

खाण्याचं काय? कळा सुरू झाल्यावर थोडं पाणी, सरबत, एखादं राजगिऱ्याचं बिस्कीट किंवा केळं, आणि तेही डॉक्टरांना फोनवर विचारून. ‘आता पुढे खायला मिळणार नाही’ म्हणून निघताना भरपेट शिरा-पोळी खाऊ घालायची पद्धत आहे. तेवढी टाळा. तातडीने भूल द्यावी लागली तर भरलेलं पोट धोक्याचं असतं. सिझर आधी ठरलेलं असेल तर किती वाजल्यापासून उपाशी राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील, साधारणपणे जेवण निदान सहा तास आधी बंद.

गाडीसाठी वेगळी तयारी ठेवा, कारण तुमचा रस्ता तासाभराचा आहे. मागच्या सीटवर जाड प्लॅस्टिक, त्यावर जुनी चादर, उलटीसाठी दोन-तीन पिशव्या आणि एक टॉवेल. पाणी गेलं तर घडी घातलेल्या कापडाऐवजी पॅड लावा. रंग कळतो आणि किती जातंय याचा अंदाज येतो. पाणी हिरवट किंवा काळपट असेल तर ते बाळाच्या शीचं असतं. फोनवर पहिलं वाक्य तेच सांगा, आणि पाणी गेल्याची वेळही.

तिसरी पिशवी बाळाच्या पहिल्या कपड्यांची. माझ्या मते अख्ख्या बॅगेत हीच एक नीट जमली पाहिजे. बाळ येतं ते ओलं. ओलं बाळ वाऱ्यावर मिनिटभर राहिलं तरी गार पडतं, म्हणून लगेच एका कापडाने पुसून ते ओलं कापड बाजूला टाकतात आणि दुसऱ्या कोरड्या कापडात घेतात. म्हणजे किमान दोन मऊ सुती कापडं पुसायला, दोन दुपटी गुंडाळायला, एक टोपडं, एक लोकरी टोपी, एक झबलं, एक लंगोट किंवा डायपर आणि मोजे. कापड साधारण मीटरभर लांब-रुंद असावं. बाजारातलं पंखांसारखं कापलेलं नाजूक दुपटं दिसायला गोड असतं, पण त्यात पाणी टिपलं जात नाही. आजोबांचं जुनं धोतर किंवा दहा वर्षं वापरलेली सुती साडी त्याहून कितीतरी चांगली.

जुनं कापड वापरताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. कुंची, दुपटी, गोधड्या वर्षानुवर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेल्या असतात. त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनने काही बाळांच्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. ज्यांच्यात जीसिक्सपीडी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं त्यांना हा त्रास होतो, आणि आपलं बाळ त्यातलं आहे का हे आधी कळत नाही. आईने तुमचीच जपून ठेवलेली कुंची काढली असेल तर ती आताच ट्रंकेबाहेर काढा, साध्या साबणाने धुवा, चार-पाच दिवस कडक उन्हात घाला, आणि वास पूर्ण जाईपर्यंत बाळाजवळ नेऊ नका. वास राहिलाच तर ती फोटोपुरतीही नको. नवीन कपडेही एकदा धुवूनच भरा. खळ निघून जाते आणि कापड मऊ पडतं. धुताना डेटॉल किंवा सुवासिक कंडिशनर नको.

झबलं पुढून बांधायचं घ्या. मान धरलेली नसते, डोक्यातून घालायचे कपडे वॉर्डात नवख्या हातांना जमत नाहीत. बंद आखूड असावेत. माप अगदी नवजात बाळाचं घ्या. तीन महिन्यांच्या झबल्यात अडीच-पावणेतीन किलोचं बाळ हरवून जातं आणि बाह्यांतून वारा शिरतो. हातमोजे घालणार असाल तर उलटे करून आतले लोंबते धागे कापा. धागा बोटाभोवती गुंडाळला जाऊन बोट काळंनिळं पडतं आणि मोज्यामुळे दिसत नाही. मला विचाराल तर हातमोजे नकोतच. सेफ्टी पिनही नको.

तुमच्याकडे थंडी म्हणून दोन लोकरी टोप्या आणि एक जाड शाल भरा, पण बाळाला ऊब देण्याचा सगळ्यात चांगला उपाय तुमची छाती हाच आहे. बाळ उघड्या छातीवर, वरून दोघांवर मिळून शाल. म्हणून गाऊन पुढून उघडणारा. हेच मे महिन्यात अकोल्यात असतं तर मी लोकर सगळी काढायला सांगितली असती; तिथे जास्त गुंडाळल्यानेच बाळ तापतं. गुंडाळताना पाय काठीसारखे सरळ करून आवळू नका, बेडकासारखे दुमडलेले राहू द्या. खुब्याचे सांधे त्या वयात कोवळे असतात.

इथपर्यंतच्या तीन पिशव्या तुमच्या अंगाखांद्यावर निघाल्या की बाकीचं मागून आलं तरी चालतं.

वॉर्डातलं सामान भरताना ‘नॉर्मल की सिझर’ हा प्रश्न येतो. त्यासाठी दोन सुटकेसा नकोत. दोन्हींत लागणारं सामान जवळजवळ सारखंच आहे. एक बॅग दोन रात्रींची भरा. ‘सिझर झालं तर’ असं लिहून एक छोटी पिशवी घरी कपाटावर ठेवा, ती दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्याबरोबर येईल. त्यात आणखी दोन गाऊन, आणखी पॅड, उंच कमरेच्या चार सुती निकर, बाळाची वाढीव झबली आणि लंगोट, सोबतीच्या माणसाचे कपडे. बस. नेहमीची निकर सिझरमध्ये चालत नाही, तिचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर घासतं. पोटाचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला तरच घ्या, आत्तापासून माप घेऊन आणलेला पट्टा सहसा बसत नाही.

दोन रात्रींच्या मूळ बॅगेत तीन गाऊन. पुढे चेन असलेले फीडिंग गाऊन सगळे घेतात. घेताना चेनीच्या दोन्ही बाजूंना कापडाची पट्टी आहे का बघा, नाहीतर बाळाचा गाल खरवडतो. बाह्या सैल, कारण हाताला सलाईन असताना बाही बदलायची असते. सलवार किंवा पायजमा पहिल्या दिवशी उपयोगाचा नाही. सिझरनंतर लघवीची नळी असते, आणि नॉर्मलला टाके असले तरी अडचणच. मोठ्या आकाराचे पॅड १५ ते २०. पहिल्या दिवशी तीन-चार तासांनी बदलायचं, भरो न भरो. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं किंवा लिंबाएवढी गाठ गेली तर बदलून गप्प राहू नका, सिस्टरला ते पॅड दाखवा. फेकून दिलेल्या पॅडवरून आम्हाला रक्तस्रावाचा अंदाज बांधता येत नाही. तारेच्या नसलेल्या दोन फीडिंग ब्रा, नेहमीपेक्षा एक माप मोठ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं तेव्हा आधीची बसत नाही.

बाळासाठी पाच-सहा झबली, तीन टोपडी, सहा दुपटी, आणि १२ ते १५ लंगोट किंवा नवजात मापाच्या डायपरचं एक लहान पाकीट. मोठं पाकीट आणू नका, माप लवकर बदलतं. पहिली शी काळी आणि डांबरासारखी चिकट असते. प्रत्येक वेळी ढुंगणाला खोबरेल तेलाचा हलका हात लावून ठेवला तर ती पुसताना त्रास होत नाही. कापूस आणि कोमट पाणी पुरे, वाइप्सची घाई नको. लघवी किती वेळा झाली हे डॉक्टर रोज विचारतात. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा झाली तरी ठीक. दूध उतरल्यावर दिवसातून सहा-सात वेळा व्हायला हवी. डायपरमध्ये दोन-चार थेंब कळत नाहीत, म्हणून आत कापसाचा पातळ बोळा ठेवतात. लंगोटाला ही भानगड नाही.

एक लिटरचा थर्मास, स्टीलचा पेला, ताट, आणि उकळून घेतलेली छोटी वाटी-चमचा. बाळाला ओढता येत नसेल तर हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्यानेच पाजतात, म्हणून बाटली आणि पंप दोन्ही बॅगेतून काढा. पहिल्या दिवशी चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, एका वेळी चमचाभरच येतो. बाळाचं पोटही तेवढंच असतं. बाटली बॅगेत असली की रात्री दोनला रडणाऱ्या बाळासाठी ती बाहेर निघतेच. नसली तर घरचे सिस्टरला हाक मारतात आणि बाळ नीट छातीला लावलं जातं.

तसंच मध, गुटी, साखरपाणी, काजळ, पावडर, नाळेला लावायची हळद, धुरीची शेगडी हे सगळं घरीच राहू द्या. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, काजळात शिसं असू शकतं, आणि नाळ कोरडी ठेवली की आपोआप गळते. आजींशी वाद घालत बसू नका, "सिस्टरने बॅग तपासली आणि काढायला लावलं" असं खुशाल माझ्या नावावर खपवा. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू चांगलेच आहेत, पण पहिल्या दोन दिवसांत नाही. आधी पोट साफ होऊ द्या. सिझरनंतर तर वरण-भात, मऊ खिचडी, भरपूर पाणी. लाडवांचा डबा बॅगेत तीन किलोंची जागा अडवतो.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती सोबतीच्या माणसाची पिशवी. तुमच्या आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तीन दिवसांच्या, तिचं पांघरूण, सतरंजी, ब्रश, स्वेटर. सोबतीची बाई रात्री चक्कर येऊन पडली की बाळ-बाळंतिणीकडे बघायला कोणी उरत नाही. चार्जरची वायर दोन-तीन मीटरची घ्या, प्लग नेहमी खाटेच्या उलट बाजूला असतो. आणि रक्त लागलंच तर येऊ शकतील अशा साताऱ्यातल्या दोन माणसांचे नंबर कागदावर लिहा. फोनची बॅटरी संपली की त्यातले नंबरही जातात.

निघायचं कधी? पहिलटकरणीला साधारण पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघावं असं सांगतात. तुमचं अंतर पाहता सात-आठ मिनिटांवर आल्या की फोन करून निघा. पाणी गेलं, लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट बघू नका, बॅगेचीही नाही. फाइल आणि बाळाची पिशवी उचला आणि निघा. गाडी हाताशी नसेल तर १०८.

घरी जातानाचे कपडे मूळ बॅगेत भरू नका, डिस्चार्जच्या दिवशी मागवा. तुमच्यासाठी पाचव्या-सहाव्या महिन्यात बसत होते तसे सैल, कारण पोट लगेच आत जात नाही. डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा: बाळाचं जन्मवजन, रक्तगट, बीसीजी, पोलिओ आणि जन्मानंतर २४ तासांतली कावीळ-बीची लस यांच्या नोंदी, टाके दाखवायची तारीख आणि जन्मनोंदणीचा फॉर्म कुठे दिला ते. लशीची नोंद राहिली असेल तर ती त्याच वेळी करून घेणं सोपं. दीड महिन्याने वाईच्या आरोग्य केंद्रात पहिला प्रश्न तोच येतो.

तुमचा रक्तगट आणि साखरेचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर बॅगेत ग्लुकोमीटर आणि साखरेची वही वाढवा. बाळाची साखर पहिल्या दिवशी काही वेळा टाचेतून तपासतील, त्याला घाबरू नका. तासाभराच्या आत पाजणं आणि पुढे दर दोन-तीन तासांनी पाजणं हेच त्यावरचं पहिलं औषध आहे. तुमची इन्सुलिनची गरज मात्र वार पडल्याबरोबर खाली येते, तेव्हा बाळंतपणानंतर जुन्याच डोसने इंजेक्शन घेऊ नका, आधी विचारा. हे असेल तर तसं कळवा, आणि पुण्याच्या डॉक्टरांकडून सध्याच्या डोसची चिठ्ठी निघायच्या आधी घेऊन ठेवा.